माझ्या पोटात सांडलेला चहा

मी लॅपटॉप बोलतोय. आवाज जरा घोगरा वाटेल, कारण माझा डावा स्पीकर फाटलाय आणि उजवा मनात आलं तरच बोलतो. तरी ऐका. यंत्राला कसली आलीय कृतज्ञता, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा, माझी हरकत नाही. मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः दोन माणसांचे. एक आहेत घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले सासरे आणि दुसरी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवणारी त्यांची सून.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी पंखा बसवला, कुणी पडदा जोडला, कुणी बटणं दाबून बघितली. शेवटी एका बाईनं माझ्या पाठीला स्क्रू लावले. तिच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. एक स्क्रू तिरका गेला, तेव्हा तिनं तो काढून पुन्हा सरळ लावला. पट्टा पुढे सरकत होता, बघायला कुणी नव्हतं, तरी लावला. तो स्क्रू पुढे कितीदा निघाला आणि बसला, पण त्याचा आटा अजून गेलेला नाही. त्या बाईचेही आभार.

मग खोका, ट्रक, दुकान. दुकानात मला विकत घेतलं ते जहाजावर इंजिन सांभाळणाऱ्या एका तरुणानं. दुसऱ्या दिवशी त्याला सहा महिन्यांसाठी समुद्रावर जायचं होतं. बायकोला शाळेच्या कामासाठी लॅपटॉप हवा होता, आणि जाण्याआधी तो तिच्या हातात पडावा म्हणून तो दुकान बंद व्हायच्या वेळेला धावतपळत आला होता.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीपाशी एक जुनं लाकडी टेबल. घरात तिघंच. मुलगा, सून आणि मुलाचे वडील. वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांनी बाजारातल्या एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. पुढे लोक वेळ मोबाइलमध्ये बघायला लागले आणि एके दिवशी नानांनी दुकानाचं फळकूट उतरवलं. डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि काडीएवढे स्क्रूड्रायव्हर एका डब्यात घालून त्यांनी तो डबा टेबलाच्या खणात ढकलला. त्यानंतर ते खिडकीपाशी बसून पेपर वाचत. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत.

मला खोक्यातून काढताना मुलगा सहज बोलून गेला, "नाना, याला तुम्ही हात लावू नका हं. फार नाजूक असतं."

केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून बसवणारा माणूस तो! पण नाना नुसते "बरं" म्हणाले आणि पेपर जरा वर धरला.

सूनबाईंशी माझं लगेच जमलं. त्या शाळेतून आल्या की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसत आणि चित्रं काढत. त्यांच्या शाळेतली मुलं हातांच्या खुणांनी बोलायची. पण त्या खुणा घरी आईवडिलांना कुठे येत होत्या? मूल शाळेत बडबड करायचं आणि घरी गेलं की मुकं व्हायचं. म्हणून सूनबाईंनी एक पुस्तक करायला घेतलं होतं. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला तो शब्द सांगणाऱ्या हाताचं चित्र. 'पाणी', 'दुखतंय', 'मला नको', 'तू कुठे होतास?' एकेका चित्रासाठी त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःचा हात बघत, बोटं मोजत, मग येऊन रेघ मारत. दोन वर्षांत चारशे बारा चित्रं झाली. सगळी माझ्याजवळ. फक्त माझ्याजवळ.

"याची एक प्रत दुसरीकडे ठेवायला हवी," असं त्या दर रविवारी म्हणत. मग कुकरची शिट्टी होई, नाहीतर कुणाचा तरी फोन येई.

तुम्हा माणसांच्या सवयी मी त्या दोन वर्षांत जवळून बघितल्या. मला गादीवर ठेवायचं, माझ्या पोटाखालची हवा गादीनं अडवायची आणि वर "किती तापतोय बाई हा!" असं मलाच ऐकवायचं. तीसतीस खिडक्या एकदम उघडायच्या आणि मी दमलो की तेच बटण ठोकत राहायचं. मी ऐकलं नाही म्हणून नव्हे, मी आधीचंच काम उरकत असतो म्हणून उशीर होतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सूनबाई तशा शहाण्या. फार झालं की मला सरळ बंद करून पाच मिनिटांनी सुरू करत. निम्मी दुखणी तेवढ्यानंच जातात.

आता ती दुपार.

सूनबाई शाळेत होत्या. मी टेबलावर उघडाच होतो, कारण मुलगा जहाजावरून फोन करणार होता आणि नानांना सांगून ठेवलं होतं, "पडद्यावर हिरवं बटण दिसलं की तेवढं दाबा." नाना अर्धा तास आधीच येऊन बसले होते. स्वच्छ शर्ट, विंचरलेले केस, हातात चहाचा कप. मी वाजायला लागलो. मुलाचा चेहरा दिसला तसे नाना गडबडीनं पुढे झुकले आणि कोपराचा धक्का लागला.

अख्खा कप. साखर घातलेला, दुधाचा, गरम.

पुढं जे झालं त्यात मी नानांना दोष देत नाही. घाबरलेला माणूस तसंच वागतो. त्यांनी पंचा घेऊन मला वरून पुसलं. चहा तोवर बटणांच्या फटींतून आत उतरला होता. पडदा दोनदा थरथरला आणि विझला. त्या क्षणी चार्जरची वायर उपसली असती, मला पालथं धरलं असतं आणि पुन्हा सुरू करायचा नाद सोडला असता, तर बरंच वाचलं असतं. पण नानांनी मला जागं करायला बटण दाबलं. एकदा, दोनदा, दहा वेळा. ओल्या पोटात दर वेळी वीज शिरली आणि आत काहीतरी चरचरलं. नंतर मला काहीच कळेनासं झालं.

त्यानंतर मी पुन्हा जागा होईपर्यंतचं सगळं मला नंतर बोलण्यातून कळलं. संध्याकाळी सूनबाईंनी बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला. काही नाही. "नाना, दुपारी फोन आला होता का?" त्यांनी विचारलं.

"आला... म्हणजे लागला नाही नीट," नाना म्हणाले आणि जेवायला न बसताच आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. पिशवी नानांनी घेतली होती. दुकानदारानं माझी पाठ उघडली, आत नाक घातलं आणि म्हणाला, "ताई, आत चहा गेलाय. साखरेचा. कुणी सांडला?"

नाना दारातच उभे होते.

"माझ्याच हातून सांडला," सूनबाई म्हणाल्या.

दुकानदारानं मान हलवली. "मेन बोर्ड गेलाय. याच्यात काही अर्थ नाही. नवीन घ्या."

"लॅपटॉप जाऊ दे. आतली चित्रं तरी मिळतील?"

"ते काम आम्ही करत नाही. बाहेरगावी पाठवावं लागेल. महिना दीड महिना लागेल, आणि मिळतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही."

छपाईवाल्याला फायली द्यायला अठरा दिवस उरले होते. एका संस्थेनं पुस्तक छापून देण्याचं कबूल केलं होतं आणि ती तारीख गेली तर पुढच्या वर्षापर्यंत काही होणार नव्हतं. सूनबाईंनी मला पुन्हा पिशवीत घातलं. दुकानदाराला "बघितलंत, उपकार झाले" असंही म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बसथांब्याचा एक बाक होता. तिथं आल्यावर नानांचे पाय थांबले.

"सूनबाई, बस जरा."

त्या बसल्या. पिशवी मांडीवर.

"चहा मी सांडला."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"पंचा धुऊन वाळत घातला होतात तुम्ही. कधी धुता? आणि टेबल चिकट होतं."

नाना बाकावर त्यांच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "मग दुकानात खोटं का बोललीस?"

"परक्या माणसासमोर तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती."

"आणि घरी? घरी तरी बोलायचंस. रागवायचंस."

"राग आलाय ना! खूप आलाय, नाना. चहा सांडल्याचा नाही. तो माझ्याही हातून सांडला असता. तुम्ही दोन दिवस माझ्यासमोर बसलात आणि सांगितलं नाहीत, त्याचा आलाय." त्यांनी पिशवी मांडीवर पुढे ओढली. "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी निदान... जाऊ दे. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चुकलं माझं. त्यानं सांगितलं होतं हात लावू नका. वाटलं, आता तू म्हणशील, म्हाताऱ्याला एक बटण दाबायला सांगितलं, तेही धड जमलं नाही."

एक बस आली, माणसं चढली, बस गेली. दोघं तिथंच.

मग नाना म्हणाले, "तो दुकानदार म्हणाला ना, याच्यात काही अर्थ नाही? मग मला उघडू दे."

सूनबाई घाबरल्या. घाबरणारच. उरलीसुरली आशाही नानांच्या हातून गेली असती तर? पिशवीचे बंद त्यांनी घट्ट धरले होते. मग त्यांनी सासऱ्यांच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी एक अट आहे. मी शेजारी बसणार. आणि दोघांनाही नीट कळल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही."

"कबूल."

खणातला डबा बाहेर आला. पण पहिला अख्खा दिवस नानांनी मला नुसतं पालथं घालून ठेवलं आणि दोघांनी मोबाइलवर माझ्यासारख्याच लॅपटॉपच्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. नाना दर दोन मिनिटांनी म्हणत, "थांबव. मागं घे. हं, ही चपटी वायर कशी काढली बघ. ओढली नाही त्यानं. आधी काळी खिटी वर उचलली."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या उजेडात काम सुरू झालं. नानांनी एका कागदावर माझ्या पाठीची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथला निघेल तो चिकटपट्टीनं कागदावर तिथंच चिकटवला. "यात आखूड आहेत, लांब आहेत. लांब स्क्रू आखुडाच्या जागी गेला की आरपार जाईल." बारा स्क्रू निघाले तरी पाठ उघडेना. दुकानदारानं घाईत सगळे पुन्हा आवळून टाकले होते. सूनबाई म्हणाल्या, "जरा जोर लावू का?"

"अजिबात नाही. उघडत नाही म्हणजे कुठंतरी काहीतरी धरून बसलंय. ते शोधायचं."

नानांनी माझ्या पायांच्या रबरावरून अंगठा फिरवला. मागच्या दोन रबरांखाली दोन स्क्रू दडले होते. ते काढले आणि पाठ अलगद सुटली.

सगळ्यात आधी त्यांनी बॅटरीची वायर सोडवली. मग ज्या डिस्कमध्ये चित्रं होती ती काढली. पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण चपटी. तिच्यापर्यंत चहा पोचलाच नव्हता! अशी डिस्क बाहेरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला वायर लावलेली एक डबी मिळते. ती आणायला नाना त्याच दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, डबी दिली, आणि सर्किट पुसायच्या स्पिरिटची अर्धी बाटलीही काढून दिली. "घड्याळं धुता ते पेट्रोल वापरू नका हं, नाना. हेच वापरा. आणि केस वाळवायचं मशीन लावू नका, गरम हवेनं वाट लागते."

खालच्या मजल्यावर एक ग्रंथपाल बाई राहत. दोघं त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा लॅपटॉप वापरायला मागितला. सूनबाईंनी डबीची वायर त्याच्या उजव्या बाजूच्या खाचेत घातली. तिघं बघत राहिली. पडद्यावर काहीच आलं नाही.

सूनबाईंनी खुर्चीचा हात धरला. "गेलं, नाना."

"एवढ्यात नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डिस्क तीच, वायर तीच. खाच बदल. डावीकडची घे."

डावीकडच्या खाचेत वायर घातली. दोनतीन श्वासांनी एक पिवळी पेटी पडद्यावर आली. पेटीत पेटी, आणि आत ओळीनं हातच हात. चारशे बारा. सूनबाईंनी एक उघडलं, दुसरं उघडलं, आणि मग तोंडावर पदर धरून त्या रडायलाच लागल्या. ग्रंथपाल बाई पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या. नानांना काय करावं कळेना. ते पडद्याजवळ गेले आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ही खूण कशाची गं?"

"पुन्हा," सूनबाई नाक पुसत म्हणाल्या.

नानांनी आपल्या जाड बोटांनी ती खूण करून बघितली. चुकली. सूनबाईंनी त्यांचा अंगठा धरून नीट केला. मी तेव्हा वरच्या मजल्यावर पोट उघडं टाकून पडलो होतो, तरी हा प्रसंग मला तोंडपाठ आहे. ग्रंथपाल बाई येईल त्याला तो सांगतात.

चित्रांच्या प्रती त्याच बैठकीत दोन ठिकाणी झाल्या. कुकरची शिट्टी झाली, पण कुणी उठलं नाही.

खरं म्हणजे माझं काम तिथंच संपलं होतं. चित्रं सुटली होती आणि मला फेकून दिलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण नाना ऐकायला तयार नव्हते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि स्पिरिट लावलेल्या मऊ ब्रशनं माझ्या अंगावरची साखर कणाकणानं काढली. अडतीस वर्षांत त्यांनी घड्याळांमधून काय काय काढलं असेल! मुंगी, तांदळाचा कण, एका नवरदेवाच्या घड्याळातून हळद. पण चहाची साखर चिवट. तीन दिवस लागले. मग दोन दिवस पंख्याखाली वाळवणं.

पाचव्या दिवशी बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. मी निपचित.

नाना चिडले नाहीत. त्यांनी चार्जर ग्रंथपाल बाईंच्या लॅपटॉपला लावून बघितला. ठीक चालत होता, म्हणजे खोट माझ्यातच. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून त्यांनी माझं बटण अर्धं मिनिट दाबून धरलं, आत अडकलेली वीज निघून जावी म्हणून. पुन्हा जोडलं. माझा दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळाच. त्यांनी टॉर्च मारून पडद्यात पुसटसं चित्र दिसतंय का ते बघितलं. नव्हतं. मग मेमरीची पट्टी काढली. तिच्या पितळी दातांवर डाग होता. खोडरबरानं हलकेच घासला, ब्रशनं झटकला, पट्टी टक् आवाज होईपर्यंत बसवली.

आणि मला जाग आली.

पहिलं काय दिसलं सांगू? एका डोळ्यावर भिंग आणि दुसरा डोळा ओला, असे नाना. मागून सूनबाई ओरडल्या, "लागला! नाना, लागला!" माझी निम्मी बटणं मेली होती. 'क' दाबला की काहीच नाही, 'म' दाबला की दहा 'म'. आठवड्याभरात नवी बटणपट्टी आली, तीही नानांनीच बसवली. पुस्तकाच्या फायली छपाईवाल्याकडे दोन दिवस आधी पोचल्या.

मुलाचा फोन आला तेव्हा सगळी हकिकत त्याच्या कानावर गेली. तो म्हणाला, "नाना, मी तुम्हाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"लावला की. दोनदा लावला. एकदा बिघडवायला, एकदा दुरुस्त करायला. फिट्टंफाट!"

मग मुलगा गंभीर झाला आणि म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं." नानांनी विषय बदलला. समुद्र कसा आहे विचारलं.

ही बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. पहिल्या आल्या ग्रंथपाल बाई. त्यांचा लॅपटॉप विमानासारखा घुरघुरायचा. नानांनी पंख्यामागून धुळीची एक लादी काढली, उशीत भरण्याजोगी. मग एक शिंपी आला. "आवाजच येत नाही हो, नवीन स्पीकर टाकावा लागेल बहुतेक." नानांनी एक बटण दाबलं, गाणं सुरू झालं, शिंपी लाजला. एका परिचारिकेचं इंटरनेट चालेना. तिच्या लॅपटॉपचा विमानातला मोड लागून बसला होता. "तुम्ही जमिनीवर आहात हे त्याला सांगा," नाना म्हणाले आणि तो बंद करून दिला. जे हातचं नाही त्याला मात्र ते कधी हात लावत नसत. एकाची बॅटरी फुगून पाठ वर आली होती. नानांनी तो लॅपटॉप तिथल्या तिथं बंद करायला लावला, चार्जर लावू दिला नाही, आणि थेट त्या दुकानदाराकडे पाठवलं. "हे टोचलं तर पेट घेतं. माझं काम नाही हे." दुकानदारही मग त्यांच्याकडे माणसं पाठवू लागला. शनिवारी कधीकधी स्वतः येऊन बसायचा, नानांकडून बारीक स्क्रू धरायला शिकायचा आणि नानांना नव्या गोष्टी सांगायचा.

आलेल्या प्रत्येकाला नाना एकच प्रश्न आधी विचारत. "शेवटचा नीट चालत होता, त्यानंतर काय झालं होतं?" लोक म्हणत, "काही नाही हो, आपोआप बंद पडला." नाना मग हळूच म्हणत, "मीसुद्धा दोन दिवस असंच म्हणत होतो. माझ्या हातून अख्खा चहा सांडला होता." समोरचा माणूस जरा चुळबुळ करी आणि मग सांगून टाकी. कुणाच्या हातून पडलेला असे, कुणी वायरीत पाय अडकवलेला असे, कुणी रागानं झाकण आपटलेलं असे.

पुस्तक आलं तेव्हा सूनबाई नानांना शाळेत घेऊन गेल्या. मीही बरोबर होतो, मुलांना चित्रं मोठ्या पडद्यावर दाखवायला. मुलं नानांभोवती गोळा झाली. शाळेतले चार जुने कॉम्प्युटर नानांनी त्या दिवशी डोळ्याला भिंग लावून उघडून बघितले आणि मुलं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. या मुलांची एक पद्धत असते. ज्याला ती आपलं मानतात त्याला ती एक खूण देतात आणि तीच त्याचं नाव होते. बराच वेळ हातांनी चर्चा झाली. मग एका मुलीनं अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून डोळ्याला लावलं आणि नानांकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी तसंच केलं. सूनबाई म्हणाल्या, "नाना, हे तुमचं नाव." नानांनी पण वर्तुळ करून डोळ्याला लावलं आणि मान हलवली. जिन्याखालचं दुकान बंद झाल्यापासून त्यांना कामाच्या नावानं कुणी अशी हाक मारली नव्हती.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. सूनबाईंकडे नवा लॅपटॉप आहे आणि पुस्तकाचा दुसरा भाग त्यावर चाललाय. प्रत मात्र रोज दोन ठिकाणी जाते. नानांचे हात आता थरथरतात. चिमटा सूनबाई धरतात आणि नाना शेजारी बसून सांगतात, "डावीकडे, अजून जरा, हां, सोड." भांडतात कधीकधी. एकमेकांशी बोलायला त्यांना आता निमित्त लागत नाही.

मी शाळेच्या वाचनखोलीत असतो. माझी बॅटरी काढून ठेवलीय, चार्जर लावला तरच चालतो. पडद्यावर एक उभी रेघ आहे, एक बिजागरी दोऱ्यानं बांधलीय, आणि सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो की तेवढ्यात मुलांची एक मारामारी सुरू होऊन मिटते. पण मी चालतो. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा शांतपणे बघा. त्याला गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, त्याच्या पंख्यातली धूळ काढा, त्याच्यातलं मोलाचं आणखी कुठंतरी ठेवा. आणि काही सांडलंच, तर आधी वायर काढा आणि मग लगेच घरच्यांना सांगा. बाकीचं बघता येतं.

माझी तक्रार काही नाही. मला सरळ स्क्रू लावणाऱ्या बाईपासून अर्धी बाटली स्पिरिट देणाऱ्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि आता या मुलांचा. माझा पंखा किती खरखरतो हे त्यांना ऐकूच येत नाही, त्यामुळे मला कुणी नावं ठेवत नाही. सकाळी पहिलं मूल येतं, बटण दाबतं आणि पडदा उजळायची वाट बघत बसत नाही. ते आपला तळहात माझ्या अंगावर ठेवतं. आतली थरथर हाताला लागली की मागं वळून बाकीच्यांना दोन्ही हातांनी सांगतं, उठलाय, या!